काळ्या फत्तराचा श्वास

उंब्रजहून समुद्र तसा लांब नाही. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर मागे टाकत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण लागतं, आणि तिथून वाशिष्ठीच्या संगतीनं दाभोळच्या खाडीपर्यंत जाता येतं. भल्या पहाटे निघालेल्या माणसाला दुपारचा समुद्र भेटतो. पण कृष्णा त्या वाटेनं कधी गेली नाही. क्षेत्र महाबळेश्वरी ती जन्माला येते तेव्हा पश्चिमेचा समुद्र तिच्यापासून जेमतेम ६४ किलोमीटरवर असतो. त्याची ओली हवा कडे चढून तिच्या उगमापर्यंत येते. तरी ती त्याच्याकडे पाठ करते आणि वाई, माहुली करत, उंब्रजला तारळीला, कराडला कोयनेला पोटाशी घेत, सुमारे १४०० किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. एवढ्या लांबच्या चालीत ती बरोबर काय नेते, ते जरा तिच्या काठावर बसून पाहू या.

आषाढ-श्रावणात उत्तर सोपं असतं. पाणी तांबूस काळं, जड, फेसाळ. डोंगरांची माती डोळ्यांदेखत वाहत असते. भाद्रपद सरता सरता गाळ खाली बसतो, संगमावर तारळीचं पाणी आणि कृष्णेचं पाणी वेगळं ओळखू येईनासं होतं, तळाचे गोटे दिसू लागतात. मग वाटतं, नदी आता मोकळी वाहते आहे. ती मोकळी नसते. त्या निवळशंख पाण्यात एक विरघळलेलं ओझं असतं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण त्याची खूण या भागातल्या घराघरांत सापडते. विहिरीचं पाणी तापवणाऱ्या बंबाच्या आतल्या अंगाला पांढरा, कडक थर धरतो. चिंच लावून, खरवडून तो काढावा लागतो. त्या थरात डोंगराचं कॅल्शियम असतं आणि हवेतला कार्बन असतो. आभाळात उधळलेली वस्तू आणि पाषाणात कोंडलेली वस्तू, दोघी पाण्याच्या मध्यस्थीनं भेटलेल्या असतात.

ही भेट फार हळुवार घडते.

पाऊस ढगातून सुटतो तेव्हापासूनच तो निर्भेळ पाणी नसतो. उतरता उतरता हवेतला कार्बन डायऑक्साइड तो आपल्यात विरघळवून घेतो. जिभेला कळणार नाही इतकं ते पाणी आम्लधर्मी होतं. महाबळेश्वरच्या माथ्यावर असं पाणी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक कोसळतं. उंब्रजच्या शिवारापर्यंत येईतो पाऊस पुष्कळ उणावतो, पण त्याचा स्वभाव तोच राहतो. मातीत शिरल्यावर त्याला आणखी कार्बन भेटतो. गवताची मुळं श्वास टाकतात, गांडुळं टाकतात, बुरशीचे धागे आणि असंख्य जिवाणू टाकतात. मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांमध्ये जी हवा असते तिच्यात वरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. त्या श्वासगर्भ अंधारातून पाणी झिरपतं, मुरमाच्या भेगांत उतरतं आणि काळ्या फत्तराला स्पर्श करतं.

स्पर्शच म्हणायला हवा. यात घाव नाही, आवाज नाही. बेसाल्टच्या खनिजांमध्ये बांधलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे पाणी एकेका अणूच्या चालीनं सोडवून घेतं. त्या बदल्यात पाण्यातला कार्बन आपलं रूप पालटतो. तो आता वायू उरत नाही, बायकार्बोनेट होतो. पाण्यात राहतो, पण हवेत सहजी परतत नाही. मागे उरते चिकणमाती. सातारा-सांगलीची काळी जमीन ही अशी, फत्तरानं आपलं सत्त्व पाण्याला देऊन टाकल्यावर मागे राहिलेली काया आहे. पावसाच्या एका सरीत हे काही मोजता येत नाही. हजारो वर्षांत मात्र डोंगर उतरतो आणि शेत तयार होतं.

आणि या कामात किती जणांचे हात आहेत! सड्यावरच्या खडकावर, झाडांच्या सालीवर राखाडी-हिरवी झालर दिसते. तेच दगडफूल, आपल्या मसाल्यात पडतं ते. ते एक झाड नव्हे, एक जीवही नव्हे. बुरशीनं घर द्यायचं आणि शेवाळानं उन्हातून अन्न रांधायचं, असा तो जन्मांतरीचा करार आहे. हे दगडफूल खडकावर बसतं तेव्हा फार सौम्य अशी आम्लं पाझरवतं आणि दगडाचा वरचा पापुद्रा सैल करतं. त्या सैल पापुद्र्यात पाणी थांबतं. थांबलेल्या पाण्यात मॉस रुजतं. मॉसच्या ओलीत गवताचं बी धरतं, गवताच्या मुळांशी पुन्हा श्वास साठतो आणि तो श्वास पाण्याला अधिक धार देतो. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. प्रत्येक जण आपापलं जगणं जगतो आणि त्या जगण्यातून आभाळातला कार्बन खाली उतरत राहतो.

हा फत्तर मुळात आला कुठून, हे आठवलं की अंगावर रोमांच येतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली धरणी भेगाळली आणि लाव्हाचे थरावर थर पसरले. सह्याद्रीच्या कड्यांवर आजही ते आडवे, पायऱ्यापायऱ्यांचे थर मोजता येतात. त्या उद्रेकांनी पोटातला कार्बन डायऑक्साइड प्रचंड प्रमाणात हवेत सोडला होता. म्हणजे या पाषाणाचा जन्म झाला तो एका दीर्घ उच्छ्वासानं. आणि त्या दिवसापासून, प्रत्येक पावसाळ्यात, तोच पाषाण झिजता झिजता कार्बन आत घेतो आहे. जे दिलं ते परत घेण्याचा हा श्वास कोट्यवधी वर्षं चालला आहे. आपण त्या श्वासाच्या मध्ये कुठेतरी घरं बांधली, ऊस लावला, गावं वसवली.

उंब्रजमध्ये समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे. ती मूर्ती चुना, वाळू आणि ताग यांची असल्याचं सांगतात. चुन्याची कथा या पाण्याच्या कथेशी जोडलेलीच आहे. आपल्या काळ्या रानात नांगराच्या फाळाला पांढरे खडे लागतात, ती चुनखडी. विरघळलेलं ओझं पुढे न जाता मातीतच थिजलं की त्याचे खडे होतात. ती भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना उरतो. पण तो चुना मळून, घडवून, लिंपून ठेवला की पुढची कित्येक वर्षं तो हवेतला कार्बन पुन्हा आपल्यात घेत राहतो. त्या घेण्यानंच तो घट्ट होतो, दगड होतो. जुन्या वाड्यांच्या भिंती, घाटांचे सांधे याच रीतीनं पक्के झाले. गावानं ज्याच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडले, त्या मूर्तीच्या काठिण्यातही मग थोडं आभाळ साठलेलं असणार, या विचारानं मन भरून येतं.

आता नदीबरोबर खाली जाऊ या.

सांगलीच्या अलीकडे-पलीकडे पाणी संथ होतं. तिथल्या चिखलात शिंपले अर्धे रुतून बसलेले असतात. नदीनं आणलेल्या कॅल्शियमचा आणि बायकार्बोनेटचा अंश घेऊन ते आपलं कवच वाढवतात. आतली मोतिया झळाळी ही खरं तर डोंगराची झळाळी आहे. फत्तरातून सुटलेलं वाळूचं द्रव्य, म्हणजे सिलिका, तीही पाण्यात विरघळून चाललेली असते. डायटम नावाची एकपेशीय शैवालं ती सिलिका उचलतात आणि स्वतःभोवती काचेची कोरीव डबी घडवतात. उघड्या डोळ्यांना न दिसणारी ही काचकुडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. जाळीचं असं काम कुठल्या देवळाच्या खिडकीवर नाही. समुद्रात पोचलेल्या सिलिकेवर अशी अगणित डायटमं वाढतात. त्यांच्यावर कोलंबीची पिल्लं जगतात, लहान मासे जगतात, त्या माशांवर मोठे मासे आणि त्यांच्यावर किनाऱ्याची माणसं. मेलेली डायटमं काचेच्या ओझ्यानं खोल जातात आणि जाताना थोडा कार्बन घेऊन जातात. किनाऱ्यावरच्या कोळणीच्या टोपलीतली मासळी तारळीच्या खोऱ्यातल्या दगडाचं देणं लागते, असं म्हटलं तर ते नुसतं काव्य होणार नाही.

बायकार्बोनेटचं पुढे काय होतं, यात निसर्गाचा हिशेब मोठा नाजूक आहे. कॅल्शियम सोडवताना फत्तर कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू धरतो. समुद्रात एखादा शंख किंवा प्रवाळ त्याचं कवच घडवतो तेव्हा त्या दोनांतला एक कवचात जातो आणि दुसरा सुटतो. एक परत, एक कायमचा तळाशी. आणि जोवर कवच घडलेलं नाही तोवर दोघंही पाण्यातच, लाखभर वर्षांच्या हिशेबात, सुखरूप राहतात. पृथ्वीच्या हवेत जेवढा कार्बन आहे त्याच्या पन्नासेक पट कार्बन समुद्रात आहे, आणि त्यातला बहुतेक याच रूपात. समुद्राची ही ठेव नद्यांनी भरली आहे. माणसाच्या धुरातला सुमारे पाव हिस्सा समुद्र आज थेट हवेतून ओढून घेतो, त्यानं मात्र त्याचं पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं आहे आणि कवच घडवणाऱ्या जिवांना ते जड जातं. नदीवाटे आलेला कार्बन तसा छळत नाही, कारण तो आपल्याबरोबर फत्तराचा क्षार घेऊन आलेला असतो. कालवं, तिसऱ्या वेचून पोट भरणाऱ्या बायकांच्या दृष्टीनं या दोन वाटांतला फरक फार मोठा आहे.

माणसानं अलीकडे समुद्राखाली कार्बन ठेवायची स्वतःची वाट शोधली आहे. नॉर्वेनं उत्तर समुद्रात स्लाइपनर इथे १९९६ पासून दरवर्षी सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड तळाखालच्या वालुकाश्मात सोडला. २०२५ मध्ये उत्तर समुद्रातच ‘नॉर्दर्न लाइट्स’ या प्रकल्पात सिमेंट कारखान्यातून धरलेला वायू जहाजानं आणून समुद्राखाली उतरवायला सुरुवात झाली. आइसलंडच्या कार्बफिक्स प्रयोगाची वाट आपल्याला अधिक जवळची, कारण तिथला खडक बेसाल्ट आहे. २०१२ मध्ये पाण्यात विरघळवून जमिनीखाली सोडलेला कार्बन दोन वर्षांच्या आत, पंचाण्णव टक्क्यांहून अधिक, खनिज होऊन बसल्याचं आढळलं. सह्याद्री ज्याला हजारो वर्षं घेतो ते तिथे दोन वर्षांत झालं. दख्खनचा बेसाल्ट कोकण किनाऱ्याच्या पुढे अरबी समुद्राच्या तळाखालीही पसरलेला आहे, म्हणून आपल्या शास्त्रज्ञांचं लक्षही त्याच्याकडे गेलं आहे. उंब्रजपासून हाकेच्या अंतरावर, कराडजवळ हजारमाचीला, केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची वेधनविवर प्रयोगशाळा आहे. कोयना खोऱ्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर खणलं तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत बेसाल्ट लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट. हे संशोधन भूकंप समजून घेण्यासाठी आहे, आणि त्या हेतूचा मान राखला पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट या खोऱ्यातली वडीलधारी माणसं विसरलेली नाहीत. ज्या भूमीच्या पोटात पाण्याच्या भारानं हालचाल होते तिच्यात आणखी काही दाबून भरण्याआधी हजारदा विचार व्हावा, असं मला मनापासून वाटतं. समुद्राखालच्या बेसाल्टचा अभ्यास जरूर व्हावा. किनाऱ्याच्या माणसांना विचारून, त्यांना सगळं समजावून देऊन व्हावा.

पण माझं मन पुन्हा पुन्हा नदीच्या वाटेकडे वळतं. दळलेल्या बेसाल्टची भुकटी शेतात पसरली की झिजेचं काम वेग घेतं, मातीला खनिजं मिळतात आणि धरलेला कार्बन पाण्यावाटे शेवटी समुद्रात जातो. मध्य भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या भातखाचरांत हे काम करणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझचं पाच कोटी डॉलरचं पारितोषिक मिळालं. खडीच्या खाणींशेजारी जी काळी पूड साचते तिच्यात इतकं सामर्थ्य असेल, हे आपल्या मुलखात कुणाला सुचलं होतं?

कृष्णा समुद्राला मिळते ती आंध्रात, दिवीसीमेच्या सखल प्रदेशात, हंसलदीवीच्या आसपास, अनेक मुखांनी. तिथे खारफुटीचं जंगल आहे. त्याच्या पायाखालच्या गाळात दख्खनच्या काळ्या मातीचा अंश आहे; हा गाळ युगानुयुगं इकडूनच गेला. त्यावर तिवर उभं राहतं. त्याची श्वसनमुळं चिखलातून वर डोकावतात, पानांवर मिठाचे कण चमकतात. कांदळाचं बी तर झाडावरच कोंब धरतं आणि रुजायच्या तयारीनंच पाण्यात उतरतं. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून गळलेली पानं आणि मेलेली मुळं तिथे कुजायची थांबतात. शतकानुशतकं कार्बन थरावर थर बसत जातो. कोरड्या जमिनीवरच्या जंगलापेक्षा हेक्टरी कितीतरी पट अधिक. समुद्राच्या उंबऱ्यावरचं हे सर्वांत कनवाळू कोठार. त्याच्या मुळांच्या गुंत्यात कोलंबी वाढते, चिंबोऱ्या बिळं करतात, रात्री मासेमार मांजर पाण्यात पंजा घालते, आणि पहाटे होड्या निघतात.

१९ नोव्हेंबर १९७७ ला दिवीसीमेवर चक्रीवादळ आलं. समुद्र भिंतीसारखा उभा राहून आत घुसला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. खारफुटी सगळं वादळ अडवू शकत नाही, पण लाटेचा जोर ती तोडते, हे किनाऱ्यावरची माणसं अनुभवानं जाणतात. पुढे एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठाननं कृष्णा-गोदावरीच्या मुखांवर गावकऱ्यांना बरोबर घेऊन माशाच्या काट्यासारखे चर खणले, साचलेल्या खाऱ्या पाण्याला भरती-ओहोटीची वाट करून दिली, आणि उजाड पडलेल्या चिखलावर रोपं पुन्हा धरली. आपल्याकडे २०१२ पासून महाराष्ट्राचा कांदळवन कक्ष असंच काम करतो. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया पाहुण्यांना होडीतून खारफुटी दाखवतात आणि त्यावर त्यांचा संसार चालतो. कोकणच्या या किनाऱ्याशी आपलं पाण्याचंही नातं आहे. कोयनेचं काही पाणी वीज देऊन वाशिष्ठीत उतरतं; कृष्णा पाणीवाटप लवादानं त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणजे आपल्या डोंगरांचं पाणी दोन्ही समुद्रांच्या किनाऱ्यांना शिवतं.

आणि इथेच मन दुखतं. कृष्णेवर आणि तिच्या उपनद्यांवर धोम, कोयना, अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं झाली. त्यांनी लाखोंची तहान भागवली, याबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण गाळ जलाशयांत बसला. पूर्वी मुखाशी पोचणाऱ्या गाळाचा आता थोडासाच भाग पोचतो, आणि त्रिभुज प्रदेशाचा काठ जागोजाग समुद्रात खचतो आहे. दुष्काळी वर्षांत तर मुखाशी गोडं पाणीच जवळपास उतरत नाही. खारफुटीच्या रोपाला गोड्या पाण्याचा घोट लागतो, तो मिळत नाही.

जे पाणी पुढे गेलं नाही ते राहिलं कुठे? पुष्कळसं आपल्या उसात. वाळवा, मिरज, शिरोळच्या बाजूला पाटानं भरभरून पाजलेल्या रानांतून पाणी उडून जातं आणि विरघळलेलं ओझं मागे राहतं. मातीवर पांढरी भुकटी चढते. रान क्षारपड होतं, चोपण होतं, उगवण मरते. समुद्रात पोचलं असतं तर ज्यानं कालवाचं कवच झालं असतं, तेच आपल्या शेतात साचून शेत मारतं. किनाऱ्यावरच्या माणसाचं दुःख आणि क्षारपडीच्या शेतकऱ्याचं दुःख एकाच अडलेल्या पाण्याची दोन टोकं आहेत.

निसर्गाची ही वाट संथ आहे, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन हवेत सोडतो, त्याचा जेमतेम शंभरावा हिस्सा जगभरचे खडक मिळून झिजेतून धरत असतील. महामार्गावरून उंब्रज ओलांडणाऱ्या गाड्यांचा धूर एकट्या तारळीच्या पावसाला निपटायचा नाही. धूर कमी करणं हे आपलंच काम आहे, ते फत्तरावर सोपवता येणार नाही. मात्र जी वाट चालू आहे ती बुजवायची नाही, एवढं आपल्या हातात आहे.

म्हणून संगमाच्या वरच्या अंगाला शेती करणाऱ्या सगळ्या दादा-वहिनींना माझी हात जोडून विनंती आहे. उसाचं पाचट पेटवू नका, ते सरीत कुजू द्या. त्याच्या कुजण्यातूनच मातीला श्वास मिळतो. पाटाऐवजी ठिबक घ्या. क्षारपड रानात निचऱ्याची नळी टाका. सड्यावरचं दगडफूल ओरबाडू नका. आणि पाण्याच्या वाटपाची बैठक होईल तेव्हा कृष्णेच्या मुखाशी राहणाऱ्या, आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसांचाही वाटा धरा.